दिवाळीचे दारूकाम आणि डोळ्यांची राखण

दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे आणि प्रकाशाला मोल आहे ते डोळ्यांमुळे. दारावरचा आकाशकंदील, तुळशीवृंदावनापुढील पणत्यांची ओळ, अंगणातली रांगोळी, नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी लावलेली पहिली फुलबाजी, हे सारे वैभव डोळ्यांच्याच वाटेने मनात उतरते. परंतु याच चार दिवसांत, मुंबई असो की कोलकाता, दिल्ली असो की चेन्नई, नेत्ररुग्णालयांच्या अपघात विभागांत फटाक्यांनी दुखावलेले डोळे घेऊन लोक येऊ लागतात. त्यांत मुलांचा भरणा मोठा असतो. काहींचा डोळा आठ दिवसांत बरा होतो. काहींचा पुढे कधीही पूर्ववत होत नाही. आणि मनाला विशेष लागणारी गोष्ट अशी की, यांतील बहुतेक अपघात टाळता येण्याजोगे असतात. ते कसे घडतात हे एकदा नीट समजले की ते टाळावे कसे हे समजण्यास फारसा वेळ लागत नाही.

दारूकामाची हौस आपल्या देशात नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विख्यात अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय दारूकामाचा इतिहास शोधून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. १४४३ साली विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक याने तेथील उत्सवातील आतषबाजीची नोंद करून ठेवली आहे. आणि एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'तही लग्नसोहळ्याच्या वर्णनात दारूकाम येते. मात्र त्या काळी हे काम बहुतांशी दरबारांत, मोठ्या लग्नांत आणि देवळांच्या उत्सवांत होई, आणि ते त्यात मुरलेल्या कारागिरांच्या हातून होई. बाकीचे लोक लांब उभे राहून पाहात. विसाव्या शतकात हे चित्र पालटले. तमिळनाडूतील शिवकाशीच्या नाडार घराण्यातील दोघे तरुण कोलकात्यास जाऊन आगपेट्यांचा धंदा शिकून आले, आणि आगपेट्यांच्या पाठोपाठ त्या गावी फटाक्यांचे कारखाने उभे राहिले. आज देशातील बहुतेक फटाके तेथेच तयार होतात. दारूकाम स्वस्त झाले, घराघरांत पोहोचले आणि कारागिराच्या हातातली पेटती वात आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती आली. पाहणाऱ्याचे अंतर मात्र त्या प्रमाणात वाढण्याऐवजी घटले.

या अंतराचे महत्त्व कळण्यासाठी प्रथम डोळ्याची रचना पाहिली पाहिजे. माणसाचा डोळा म्हणजे जेमतेम चोवीस मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे इंचाहून थोडा लहान असा एक गोल. कपाळ, गाल आणि नाक यांच्या हाडांनी बनलेल्या खोबणीत निसर्गाने तो नीट बसविला आहे. चेहऱ्यावर चेंडू येऊन आदळला तर पहिला मार या हाडांवर बसतो. डोळ्याच्या दर्शनी भागी, काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा बसविलेला एक पारदर्शक पडदा आहे; त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो स्वच्छ राहतो; मज्जातंतूंचे जाळे मात्र इतके दाट असते की धुळीचा एक कणसुद्धा असह्य होतो. पारपटलाच्या मागे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली एक छोटी जागा, मग बाहुलीचे छिद्र असलेला रंगीत पडदा, त्यामागे भिंग आणि अगदी तळाशी दृष्टिपटल. या दृष्टिपटलावर चित्र उमटते आणि तेथून ते मेंदूकडे जाते.

या सगळ्यावर पहारा करतात त्या पापण्या. डोळ्यांसमोर काही आले की त्या आपोआप मिटतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही. तरीही या मिटण्यास सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतोच. रोजच्या व्यवहारात, उडणारी माशी किंवा वाऱ्यावरची धूळ यांच्या बाबतीत, हा वेग पुरेसा आहे. स्फोटाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. समजा, फुटलेल्या फटाक्यातून एखादा खडा सेकंदाला तीस मीटर वेगाने उडाला. सेकंदाच्या दहाव्या भागात तो तीन मीटर अंतर कापील. म्हणजे जो मनुष्य फटाक्यापासून दोन मीटरांवर उभा आहे, त्याची पापणी मिटण्यापूर्वीच तो खडा डोळ्यापर्यंत पोहोचलेला असेल. तोच मनुष्य आठ मीटरांवर असता तर पापणी तर मिटली असतीच, पण वाटेत हवेच्या विरोधाने खड्याचा जोरही बराच ओसरला असता. निसर्गाने दिलेली ढाल उपयोगी पडावी एवढा अवधी तिला मिळवून देणे, एवढाच अंतर राखण्याचा अर्थ आहे.

फटाक्याने डोळ्याला होणारी इजा तीन प्रकारची असते: माराने होणारी, उष्णतेने होणारी आणि रसायनाने होणारी.

पहिला प्रकार माराचा. बाण, सुतळी बॉम्ब किंवा डब्याखाली ठेवून उडविलेला फटाका यांपासून हा संभवतो. फटाक्याचा कागदी कवचाचा तुकडा, खडा, काचेची कपची किंवा पत्र्याचा अंश डोळ्यात शिरला तर डोळा फाटतो, हे कोणालाही समजते. पण डोळा बाहेरून शाबूत दिसत असतानाही आत मोठी नासधूस झालेली असू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बोथट मार बसला की नेत्रगोल क्षणभर चेंडूसारखा दबतो आणि पुन्हा उसळतो. त्या हिसक्याने आतील नाजूक रक्तवाहिन्या फाटून पारपटलामागील जागेत रक्त साचते. भिंग जागचे हलते किंवा पुढे त्यात मोतीबिंदू होतो. दृष्टिपटल फाटते किंवा भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा सुटावा तसे आपल्या जागेवरून सुटते. डोळ्यातील द्रवाचा निचरा करणाऱ्या बारीक वाटा दुखावल्या, तर काही वर्षांनी, अपघात विसरूनही गेल्यावर, काचबिंदू उद्भवू शकतो. म्हणून 'रक्त आले नाही, दिसते आहे, मग काही झाले नाही' असे अनुमान मार बसलेल्या डोळ्याच्या बाबतीत घरच्या घरी काढणे योग्य नव्हे.

दुसरा प्रकार उष्णतेचा. आणि येथे सर्वांत फसवी वस्तू म्हणजे फुलबाजी. ती फुटत नाही, आवाज करीत नाही, तिच्या ठिणग्या हातावर पडल्या तरी क्वचितच चटका बसतो. म्हणून ती निरुपद्रवी समजून तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती देतात. वस्तुतः जळत्या फुलबाजीच्या टोकाशी उष्णता सुमारे एक हजार अंश सेल्सिअस असते. पाणी उकळते ते शंभर अंशांना. चांदी वितळते ती ९६२ अंशांना. सोन्यारुप्याच्या मुशीतील ही उष्णता लहान मुलाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते, कारण मुलाचा हातच तेवढा आखूड! फुलबाजी विझल्यावरही तिची तार बराच वेळ तापलेली राहते. ती अंधारात इकडेतिकडे फेकली जाते, आणि खाली वाकलेल्या किंवा शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या चेहऱ्यास लागते.

तिसरा प्रकार रसायनांचा. फटाक्याच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा हे पूर्वापार चालत आलेले घटक असतात. त्यांत लखलखाटासाठी अॅल्युमिनियमची पूड आणि रंगांसाठी धातूंचे क्षार मिसळतात. ही पूड डोळ्यात गेली तर आग होते आणि पारपटलावर जखमा होतात. पण याहून कितीतरी दारुण असा एक प्रकार २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात दिसून आला, आणि त्याची हकीकत प्रत्येक घराने ऐकून ठेवावी अशी आहे.

त्या वर्षी भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर, इंदूर अशा गावांतील बाजारांत प्लॅस्टिकच्या नळीची बनविलेली एक स्वस्त 'बंदूक' विकावयास आली. तिला कार्बाइड गन असे नाव पडले. नळीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे टाकावयाचे, त्यांवर थोडे पाणी घालावयाचे आणि ठिणगी पाडावयाची, की मोठा आवाज होतो. मुलांनी मोबाइलवरील चित्रफिती पाहून घरीही अशा नळ्या तयार केल्या. कार्बाइड आणि पाणी एकत्र आले की अॅसिटिलीन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. झाळकाम करणारे कारागीर तोच वापरतात. नळीत हा वायू किती साठला आहे हे बाहेरून कळत नाही. पहिल्या खेपेस आवाज झाला नाही, तर 'काय झाले आहे' म्हणून मुले नळीच्या तोंडाशी डोळा लावून आत पाहात. आणि नेमका तेव्हाच स्फोट होई. काही दिवसांत शंभराहून अधिक लोक डोळ्यांच्या दुखापती घेऊन रुग्णालयांत दाखल झाले. त्यांत बहुतेक मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. त्यानंतर या नळ्यांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली.

या नळीने दिलेली जखम इतकी वाईट का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. कार्बाइड आणि पाणी यांच्या संयोगातून वायूबरोबर आणखी एक पदार्थ मागे उरतो, तो म्हणजे भिजलेला चुना. स्फोटाबरोबर तो तापलेला चुना सरळ डोळ्यावर उडतो. आम्ल आणि चुना दोन्ही दाहक खरे. पण आम्लाने पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि त्यांचा थर आम्लाला आत शिरण्यास काही अंशी अडवितो. चुन्याचे तसे नाही. तो पेशींच्या वेष्टनांतील स्निग्ध द्रव्याचा साबण करून टाकतो आणि खोलखोल शिरत जातो. बुबुळाच्या कडेला ज्या पेशी पारपटलाचा पृष्ठभाग आयुष्यभर नवा करीत राहतात, त्यांचाही तो नाश करतो. मग पारपटल दुधाळ होते, त्यावर रक्तवाहिन्या चढतात आणि काचेची भिंत व्हावी तशी दृष्टी बंद होते.

पारपटल बदलता येते हे खरे. डोळ्यावर यशस्वी पारपटलरोपण प्रथम झाले ते १९०५ च्या डिसेंबरात, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स या गावी. आणि तो रोगी म्हणजे चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता. एदुआर्द झिर्म या शल्यवैद्याने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातील पारपटल त्या मजुराच्या डोळ्यांवर बसविले. एका डोळ्यात ते टिकले नाही, दुसऱ्यात टिकले, आणि तो मजूर पुन्हा पाहू लागला. पण ज्या मुलाचे पारपटल मिळाले त्याचा डोळा का काढावा लागला होता? लोखंडाचे कण डोळ्यात शिरून तो निकामी झाला होता म्हणून. वैद्यकशास्त्राच्या या पहिल्या विजयामागेही एका लहान मुलाचा अपघात उभा आहे. त्यानंतरच्या शतकाहून अधिक काळात शास्त्र पुष्कळ पुढे गेले; परंतु चुन्याने खोल भाजलेल्या डोळ्यावर रोपण टिकविणे आजही अवघडच आहे. आणि दृष्टिपटल व डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस हे दोन भाग तर बदलता येतच नाहीत.

आता या अपघातांचे मूळ कोठे आहे ते पाहू जाता एक गोष्ट वारंवार आढळते. कार्बाइडच्या नळीत डोकावणारे मूल, 'विझला वाटते' असे म्हणून भुईनळ्यावर वाकणारा मोठा भाऊ, वात पेटली की नाही हे पाहण्यासाठी बाणाच्या बाटलीशी तोंड नेणारा तरुण, या तिघांची चूक एकच आहे. जे फुटले नाही ते निवले, असे ते समजतात. सोऱ्याचा गुणच असा की तो जळणास लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवितो. त्यामुळे वातीच्या आत, कागदी नळीच्या पोटात, बाहेरच्या हवेची मदत न घेता दारू धुमसत राहू शकते. वर धूर नाही, ठिणगी नाही, आणि आत मात्र आग पुढे सरकत आहे. अशा अवस्थेत कित्येक क्षण जातात. न फुटलेला फटाका हा फुटणाऱ्या फटाक्याहून अधिक धोक्याचा असतो, कारण फुटणाऱ्यापासून माणूस दूर पळतो आणि न फुटलेल्याकडे तो चालत जातो.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पाहणाऱ्यांची. फटाके उडविणाऱ्याला इजा होते हे सर्वांना माहीत आहे. परंतु निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा जो आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात डोळ्यांना इजा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक नुसते बघे होते असे दिसून आले. खिडकीत उभी असलेली मुलगी, जिन्यावर बसलेले आजोबा, रस्त्याने सायकलवरून जाणारा वाटसरू, यांनी वात पेटविलेली नसते. बाण कोणत्या दिशेने जाईल हे तो लावणाऱ्याच्या मनावर नसते. बाटली कलंडली की तो आडवा सुटतो. म्हणून 'माझा मुलगा फटाके उडवीत नाही' एवढ्याने आईबापांची काळजी मिटत नाही. शेजारच्या अंगणात काय चालले आहे हा त्यांच्याही चिंतेचा विषय आहे.

एक डोळा गेला तरी दुसरा आहे, असे समाधानही कोणी मानू नये. अंधांसाठी लिपी तयार करणारे फ्रान्सचे लुई ब्रेल यांची कथा प्रसिद्ध आहे. १८१२ साली, तीन वर्षांचे असताना, वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात खेळताना त्यांच्या एका डोळ्यात आरी घुसली. उपचार नीट झाले नाहीत, दुसऱ्या डोळ्यासही विकार झाला आणि पाचव्या वर्षी ते दोन्ही डोळ्यांनी अंध झाले. डोळा फाटला असता शरीराची संरक्षक यंत्रणा कधी कधी बिथरते आणि निरोगी डोळ्यावरच हल्ला करते. हे क्वचित घडते आणि आज त्यावर औषधे आहेत. तरी फाटलेल्या डोळ्याचे उपचार तातडीने आणि पूर्णपणे झाले पाहिजेत, त्यामागचे एक कारण हेही आहे.

तर मग सण कसा साजरा करावा? मुलांनी फटाके पाहूच नयेत असे सांगितले तर ते कोणी ऐकणार नाही. काही शिस्त मात्र प्रत्येक घराला पाळता येते. फटाके उघड्या मैदानात किंवा मोकळ्या अंगणात लावावेत. जिन्यात, गॅलरीत किंवा चाळीच्या चौकात लावू नयेत. लावण्याचे काम घरातील एका जाणत्या माणसाने आपल्याकडे घ्यावे. हातात लांब उदबत्ती घ्यावी, हात पूर्ण लांबवावा, तोंड बाजूला ठेवावे, फटाक्यावर कधीही वाकू नये आणि वात पेटताच मागे सरावे. बघ्यांनी साध्या दारूकामापासून किमान पंधरा-वीस फूट दूर आणि बाणांपासून त्याहूनही अधिक दूर उभे राहावे. फटाके डब्यात, बाटलीत, मडक्यात किंवा दगडाखाली ठेवून उडवू नयेत. फटाक्यापेक्षा त्या डब्याच्या ठिकऱ्याच अधिक घात करतात. बाण लावावयाचा तर तो हलणार नाही अशा वाळूने भरलेल्या जड भांड्यात उभा करावा. पेटता फटाका हातात धरून फेकण्याचा पराक्रम कोणी करू नये.

न फुटलेल्या फटाक्याच्या बाबतीत नियम अगदी सोपा आहे: किमान वीस मिनिटे त्याच्याकडे जाऊ नये, आणि नंतर लांबूनच त्यावर बादलीभर पाणी ओतावे. तो पुन्हा पेटविण्याचा प्रयत्न करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतील पोरे न उडालेले फटाके वेचतात, त्यांतील दारू कागदावर काढून पेटवितात. हा खेळ पाहताक्षणी बंद करावा. फुलबाज्यांसाठी शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि विझलेली प्रत्येक तार तीत टाकावी. पाच वर्षांखालील मुलाच्या हाती फुलबाजी देऊच नये. त्याने आजीच्या मांडीवर बसून ती पाहिली तरी त्याचा आनंद कमी होत नाही.

डोळ्यांवर चष्मा घालण्याचा सल्ला ऐकून पुष्कळांना हसू येते. पण कारखान्यात घासकाम करणारा कामगार ज्याप्रमाणे गॉगल घालतो, त्याचप्रमाणे फटाके लावणाऱ्यानेही घालावा. पॉलिकार्बोनेटचे, दोन्ही बाजूंनी झाकलेले असे चष्मे हत्यारांच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळतात आणि ते मार सहन करतात. नेहमीचा वाचनाचा चष्मा त्यांची जागा घेऊ शकत नाही. त्याची काच फुटली तर तिचीच कपची डोळ्यात जाण्याची भीती असते.

इतकी काळजी घेऊनही अपघात झालाच, तर पहिली पाच मिनिटे फार मोलाची असतात. त्या वेळी काय करावे हे ठरते ते इजेच्या प्रकारावरून. डोळ्यात केवळ पूड, राख किंवा कार्बाइडचे पाणी गेले असेल, तर क्षणाचाही विलंब न करता स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. पिण्याचे साधे पाणी चालते. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि नळाची मंद धार किंवा तांब्यातील पाणी वीस मिनिटे सतत सोडावे. चुना खोल शिरत असतो, म्हणून रुग्णालयाच्या वाटेवर जाणारा वेळही धुण्यातच घालविता आला तर उत्तम.

परंतु डोळ्यावर मार बसला असेल, तो फाटल्याची शंका असेल किंवा त्यात काही रुतले असेल, तर मात्र पाणी लावू नये. डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेली वस्तू ओढून काढू नये, घट्ट पट्टीही बांधू नये. फाटलेला डोळा दाबला गेला तर आतील भाग बाहेर येतात आणि वाचणारी दृष्टी वाचत नाही. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडांवर टेकेल असा ठेवावा आणि वरून चिकटपट्टी लावावी, म्हणजे कोणाचा हात डोळ्याला लागणार नाही. मुलाचे हात आईने आपल्या हातांत धरून ठेवावेत, कारण दुखणारा डोळा चोळण्याची इच्छा त्याला आवरत नाही. त्याला खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण कदाचित लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल. अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत; त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सरळ नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाची वाट धरावी, मग रात्रीचे दोन वाजले असोत की लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त असो.

या प्रसंगी घरातील वडीलधारी माणसे मायेपोटीच काही उपाय सुचवितात. कोणी गुलाबपाणी, कोणी तूप, कोणी मध, कोणी एरंडेल, कोणी आईचे दूध सांगते. कोणी कपाटात राहिलेली जुनी औषधाची बाटली काढते. यांतील एकही वस्तू दुखावलेल्या डोळ्यात जाता कामा नये. त्यांनी जंतुसंसर्गाला वाट मिळते, डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही आणि सर्वांत वाईट म्हणजे, 'सकाळपर्यंत वाट पाहू' असे म्हणण्यास घरच्यांना आधार मिळतो. मुलेही शिक्षेच्या भयाने दुखापत लपवितात. ज्या घरात आधी रागावणे आणि मग विचारणे अशी रीत असते, त्या घरातील मूल लाल झालेला डोळा उशीत लपवून झोपी जाते. म्हणून सणाच्या आरंभीच मुलांना सांगून ठेवावे की, काहीही झाले तरी प्रथम येऊन सांगा. कोणी रागावणार नाही.

कायद्यानेही या बाबतीत काही केले आहे. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना आपल्याकडे मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांचा आग्रह धरला. असे 'हरित' फटाके तयार करण्याच्या कामात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. पण हरित हा शब्द धुराविषयी आहे. हरित फटाकाही तापतो, फुटतो आणि उडतो. डोळ्याच्या दृष्टीने तो फटाकाच आहे. परदेशांत नॉर्वेने २००८ साली सामान्य नागरिकांना काडीचे बाण विकण्यास बंदी केली, आणि जेथे असे निर्बंध कडक आहेत तेथे डोळ्यांच्या दुखापती कितीतरी कमी आढळतात. तरीही कायद्याचा हात प्रत्येक अंगणापर्यंत पोहोचत नाही. कार्बाइडच्या नळीला बंदी झाली ती मुलांचे डोळे गेल्यानंतर. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावात येणारच नाही असे कोणी सांगावे?

अंगणापर्यंत पोहोचू शकतो तो घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द. संध्याकाळी पणत्या लावून झाल्या की त्याने मुलांना गोळा करावे, जमिनीवर खडूने एक रेघ आखावी आणि 'या रेघेच्या अलीकडे उभे राहून पाहायचे' असे सांगावे. भुईनळा फुलला तर सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात. न फुलला तर त्यावर पाणी ओतून दुसरा लावावा. एका भुईनळ्याची किंमत ती किती, आणि त्यावर वाकून पाहणाऱ्या डोळ्याची किंमत किती, हा हिशेब त्या रेघेने मुलांना न बोलता शिकविला जाईल. भाऊबीजेच्या दिवशी बहीण ओवाळू लागेल, तेव्हा निरांजनाच्या ज्योतीकडे भावाने दोन्ही डोळ्यांनी पाहावे, एवढ्यासाठी आधीच्या चार दिवसांत ती रेघ पुसू देऊ नये.